दहा दिवसांचं पत्रक

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं आली. यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावात माझे आईवडील शिक्षक होते आणि शाळा सुटली की विज्ञान चळवळीचे कार्यकर्ते. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. साप चावला तर काय करावं, पाणी उकळून का प्यावं, अंगात येतं म्हणजे नेमकं काय होतं. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. आठवड्याच्या बाजारात ती वाटायला मी आईबरोबर जायची. लोक त्यात भजी बांधून न्यायचे, तरी आई म्हणायची, भजी खाऊन झाली की वाचतील.

त्यातलं पिवळं पत्रक कुत्र्याच्या चाव्याचं होतं. आमच्या गल्लीत काम करणाऱ्या एका गवंड्याला कुत्रं चावलं होतं. त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही. जखमेत चुना भरला, दंडाला दोरा बांधून घेतला आणि दीड महिन्यानं पाण्याचा पेला पाहून त्याचा घसा आवळायला लागला. बाबा त्याला इस्पितळात बघून आले, जेवले नाहीत आणि बसून ते पत्रक लिहिलं. त्यातल्या तीन ओळी मला आजही पाठ आहेत. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. चावा लपवू नका. तिसरी ओळ ठळक अक्षरात होती.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते या तिसऱ्या ओळीनं माझ्याकडून करून घेतलं.

शिकायला अमेरिकेत आल्यावर दुसऱ्या वर्षी मला नेपरव्हिलमध्ये एका मराठी जोडप्याच्या घरात तळघरातली खोली मिळाली. शिकागोला जाणारी गाडी तिथून चालत वीस मिनिटांवर होती. काका भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. काकूंनी शाळेच्या ग्रंथालयात काम केलं होतं. दोन्ही मुलं दूरच्या राज्यांत. मुलीनं कॉलेजला जाण्याआधी हट्टानं आणलेला कुत्रा मागे राहिला होता, आता तेरा वर्षांचा. त्याला नाव होतं, पण ते काकूंच्या तोंडीच शोभायचं, म्हणून इथे लिहीत नाही.

त्याला मराठीच कळायचं. मुलं गेल्यावर घरात इंग्रजी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. कुणी पाहुण्यानं इंग्रजीत ‘बस’ म्हटलं तर तो खिडकीबाहेर बघायचा. एका कानानं बहिरा होता, डोळ्यांत ढग आले होते. जेवण म्हणजे दहीभात, त्यात चार दाणे त्याचं डॉक्टरी खाणं. वाटी ठेवली तरी तो तोंड लावत नसे. काकू गुडघ्यावर हात टेकत खाली बसायच्या, त्याच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणायच्या, “जेव रे बाळा.” मग जेवायचा. काका म्हणायचे, “आमच्या लग्नात मलासुद्धा एवढा आग्रह झाला नव्हता.”

फेब्रुवारीतला रविवार होता. बर्फावर टाकलेल्या मिठानं त्याचे पंजे भाजत, म्हणून फिरायला नेताना त्याला चार रबरी बूट घालावे लागत. हे काम काकूंचं, पण त्यांचे गुडघे दुखत होते. मी म्हटलं, मी घालते. तीन बूट झाले. चौथ्या पंजाचं नख मुळाशी सुजलं होतं हे मला दिसलं नाही. मी बूट ओढला आणि तो माझ्या उजव्या हाताला चावला. अंगठ्याच्या खाली दोन खोल भोकं. चावून झाल्यावर तो स्वतःच दचकला आणि माझा हात चाटायला पुढे आला.

मी तळघरातल्या कपडे धुवायच्या सिंकपाशी गेले, साबण घेतला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात धुतला. मागून काकू हळदीची वाटी घेऊन आल्या. मी आठ वर्षांची असताना जे बाजारात ओरडून सांगत होते, तेच त्यांना सांगितलं. काकांनी चष्मा चढवून जखम पाहिली. म्हणाले, “कुत्रा आपला, हात आपला, डॉक्टर आपला. यात बाहेरच्याचं काय काम?” त्यांनी मलमपट्टी केली. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे ना, असं मी विचारलं. “अगदी वेळच्या वेळी,” ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी हात मनगटापर्यंत सुजला होता आणि बोटं मिटत नव्हती. दवाखान्यात जायला हवं हे काकांनीही मान्य केलं. मी कोट घालत होते तेव्हा काकू दाराशी आल्या. त्यांनी माझी गळपट्टी नीट केली आणि बाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “विचारलं तर सांग, रस्त्यातलं कुत्रं होतं.”

काका आतून म्हणाले, “नेपरव्हिलमध्ये भटकं कुत्रं? लोक तिकीट काढून बघायला येतील.”

मी काकूंना जे बोलले ते बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या सुरात बोलायला नको होतं. मी त्यांना गवंड्याची गोष्ट सांगितली. भटका कुत्रा म्हटलं तर मला सगळी इंजेक्शनं घ्यावी लागतील, लोक नसलेल्या कुत्र्याला शोधत फिरतील, लपवण्यानंच माणसं मरतात. शिकलेली माणसंच असं वागायला लागली तर, वगैरे. काकूंनी मान हलवली. “बरं बाई,” म्हणाल्या. “गाडी चुकेल तुझी.”

तेव्हा त्या एक वाक्य जास्त बोलल्या असत्या तर मी काय केलं असतं, हे मी पुढे पुष्कळदा मनात चालवून पाहिलं.

विद्यापीठाच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, कुणाचा कुत्रा, पत्ता काय, लस झालेली आहे का. मी सगळं सांगितलं. चावा काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला, कळवणं बंधनकारक आहे, ती म्हणाली, तुझी हरकत नाही ना? मी म्हटलं, हरकत कसली, हेच व्हायला हवं. डाव्या हातानं फॉर्म भरला, वेळ आणि जागा नीट लिहिली. कुत्र्याची चूक नव्हती हेही समासात लिहिलं. मला प्रतिजैविकं मिळाली. कुत्रा दहा दिवस निरोगी राहिला तर रेबीजची इंजेक्शनं लागणार नाहीत, कारण विषाणू लाळेत आलेला असेल तर कुत्रा तेवढ्या दिवसांत आजारी पडतोच. हे मला माहीत होतं. परतीच्या गाडीत मला चक्क बरं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी काउंटीच्या प्राणी विभागाची बाई आली. पन्नाशीची, बूट दाराबाहेर काढून आत येणारी. कुत्रा तिच्या पायाशी जाऊन बसला. तिनं लसीचं प्रमाणपत्र मागितलं. लस चालू असेल तर दहा दिवस घरातच ठेवायचा, बाहेर न्यायचा नाही, एवढंच.

काका वर गेले आणि एक डायरी घेऊन आले. त्यात त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात पाच वर्षांच्या नोंदी होत्या. तारीख, मात्रा, कुठल्या मांडीत टोचलं आणि बाटलीवरचं चिकटलेलं लेबल. खाली त्यांची सही, पदवीसकट.

हळूहळू मला कळलं. कोविडच्या काळात जनावरांच्या दवाखान्यात मालकांना आत घेत नव्हते. गाडीत थांबायचं, कुत्रा ते आत घेऊन जाणार. काकूंना ते जमेना. तो एकटा आत गेला तर घाबरून मरेल, त्या म्हणाल्या. मग काकांनी दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या एका मित्राकडून लस मागवली आणि स्वयंपाकघरात, काकूंच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवून टोचली. त्याला कळलंही नाही. मग पुढच्या वेळीही तसंच केलं. आयुष्यभर माणसांना सुया टोचल्या, कुत्र्याच्या मांडीचं काय एवढं?

त्या बाईनं डायरीचं पान न् पान वाचलं. मग म्हणाली की तिचा यावर पूर्ण विश्वास आहे, पण पशुवैद्याची सही नसेल तर कायद्याच्या दृष्टीनं या कुत्र्याला लस दिलेलीच नाही. त्याला उरलेले दिवस काउंटीच्या केंद्रात ठेवावं लागेल. पुढच्या बुधवारपर्यंत. चाव्याच्या देखरेखीतल्या कुत्र्यांना भेटता येत नाही.

काका तिला इंग्रजीत म्हणाले, “मी हजारो माणसांना झोपवलं आणि जागं केलं आहे.”

“मला ठाऊक आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “मला माफ करा.”

ती उद्धट असती तर किती बरं झालं असतं. मला भांडता येतं. मी कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीसमोर दोन दिवस बसलेली मुलगी आहे. पण पत्रकाला कुणीतरी विरोधक लागतो, आणि इथे सगळे नियमानं आणि मायेनं वागत होते. तिचा नियम बरोबर होता. सहीशिवाय विश्वास ठेवायचा म्हटलं तर गवंड्याच्या दंडाला दोरा बांधणाऱ्यावरही ठेवायला लागेल. मी हे सगळं मनात मांडून पाहिलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं, तोपर्यंत काकूंनी त्याला चार बूट घातले होते. चौथा अगदी हलक्या हातानं. बर्फातून तो गाडीपर्यंत चालत गेला. चढताना मागे वळून त्यानं काकूंकडे पाहिलं, कारण ‘चढ’ असं कुणी म्हटलं नव्हतं. काकू दारातून म्हणाल्या. मग चढला.

काकांनी तीन पशुवैद्यांना फोन केले. देखरेख खासगी दवाखान्यातही चालते, पण पाच वर्षांत ज्याची नोंदच नाही असा चावणारा कुत्रा ठेवून घ्यायला कुणी तयार झालं नाही. मुलीला फोन लावला. ती स्पीकरवर म्हणाली, “ममा, इट्स जस्ट टेन डेज. ही विल बी फाइन.” काकू म्हणाल्या, “हो गं.” इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांचाही फोन आला. बातमी कशी पोचली देव जाणे. ते मला म्हणाले की आपल्यातल्या आपल्यात मिटलं असतं, तुला फॉर्म भरायची भारी हौस. त्यांना मी दहा मिनिटं सार्वजनिक आरोग्य समजावलं. ते “राइट, राइट” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर पाहिलं, काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण त्यावरून त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पूर्ण आठवड्यात कधीच नाही. मी शिव्यांची वाट बघत राहिले.

बुधवारी केंद्रातून कळलं की त्यानं काही खाल्लेलं नाही. बाहेरचं अन्न चालत नव्हतं, म्हणजे दहीभात नाही. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं, ज्याचा वाचक कोण हे मला आधीच माहीत होतं. एक पान. डावीकडे मराठी शब्द रोमन अक्षरांत, समोर अर्थ आणि कसं म्हणायचं ते. ये. बस. चढ. शाब्बास. शेवटी ठळक अक्षरात: ‘जेव’. हा शब्द जमिनीवर बसून म्हणावा, उजव्या कानाशी, खालच्या आवाजात. उभं राहून म्हटल्यास तो जेवत नाही. काकूंनी ते वाचलं आणि एक दुरुस्ती सांगितली. “नुसतं ‘जेव’ नाही. ‘बाळा’ पण लिही.”

मी ते लगेच केंद्रात नेऊन दिलं. काचेमागच्या बाईनं घेतलं, वाचलं आणि दोन्ही शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. तिनं ‘बाळा’तला ‘ळ’ जिभेवर घोळवून पाहिला. मला आत जाता येणार नव्हतं. आतून खूप कुत्री भुंकत होती. त्यात त्याचा आवाज आहे का हे मी कान देऊन ऐकलं, पण तो भुंकणाऱ्यांतला नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिनं खाली बसून म्हटलं, तेव्हा त्यानं कान उचलला. तेवढंच. शुक्रवारी त्यांच्या पशुवैद्यानं सलाईन लावलं. मूत्रपिंडं थकलेली आहेत, ते म्हणाले, वय आहे. शनिवारी त्या बाईनं नियमात बसत नसलेली एक गोष्ट केली. पिंजऱ्याशी फोन नेला आणि काकूंना बोलायला सांगितलं. काकूंनी फोन दोन्ही हातांनी धरला. खुर्चीवर होत्या, त्या उठून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या, गुडघे दुखत असताना. “जेव रे बाळा,” म्हणाल्या. मग ती बाई म्हणाली की त्यानं ऐकलं. तो उठला आणि फोनच्या मागे बघायला लागला. मग दाराकडे.

“जेवला का?” काकूंनी इंग्रजीत विचारलं.

थोडं पाणी प्यायला, ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी गाडीची वाट बघत फलाटावर उभी असताना माझा फोन वाजला. चावलेली व्यक्ती म्हणून फाइलवर माझा नंबर पहिला होता. कुत्रा पहाटे गेलेला सापडला. देखरेखीत मेला म्हणजे तो रेबीजनं मेला नाही हे सिद्ध करावं लागणार. नमुना आजच प्रयोगशाळेत जाईल, निकाल बुधवारी. तोपर्यंत वाट न बघता मी इंजेक्शनं सुरू करावीत. केंद्रातल्या त्या बाईनं सगळं नीट, सावकाश सांगितलं. मालकांना आम्ही कळवतोच आहोत, ती म्हणाली, की तुम्ही कळवाल?

मी म्हटलं, मी कळवते. गाडी आली आणि गेली.

नमुना कशाचा हे मला माहीत होतं. रेबीज मेंदूत तपासतात. त्यासाठी डोकं वेगळं करून पाठवतात. पिवळ्या पत्रकाच्या शेवटी बाबांनी ते लिहिलं होतं, माणसानं घाबरू नये म्हणून, साध्या भाषेत.

घरी पोचले तेव्हा काकू भांडी आवरत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी नळ बंद केला. मी सांगितलं. काका टेबलापाशी बसले होते, ते बसूनच राहिले. काकूंनी हात पुसले, पुसलेले हात परत पुसले. मग त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती माझ्याबद्दल. “मग तुला आता सुया घ्यायला लागतील?” मी हो म्हटलं. “आजच जा,” म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, त्याला परत देतील का. अंगणात लायलॅकच्या झुडपाखाली ठेवायचा होता त्यांना. मी फोनवर विचारलं होतं. निकाल आल्यावर दहन करून राख देतील, असं सांगितलं होतं. तसं मी सांगितलं.

“कशाला तपासायचं त्याला?” काकू म्हणाल्या. “काय काय करतात? पूर्ण ठेवतील ना गं त्याला?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते डॉक्टर होते, त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी खूण केली नाही, मान हलवली नाही. नुसतं पाहिलं.

“हो,” मी म्हटलं. “थोडं रक्त घेतात फक्त.”

त्या दिवशी दुपारी काकाच मला दवाखान्यात घेऊन गेले. जखमेभोवती सुया टोचल्या, मग दंडात एक. परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, “डायरी जाळली असती तरी फरक पडला नसता. ती दाखवली नसती तरी नेलंच असतं.” मी म्हटलं, “मी फॉर्म भरला नसता तर नसतं नेलं.” ते म्हणाले, “हात सडला असता तुझा.” सिग्नल हिरवा झाला. आम्ही दोघंही बरोबर बोललो होतो, आणि त्यानं कुणाचंच काही होणार नव्हतं.

बुधवारी निकाल आला. रेबीज नव्हता. कुणालाच वाटला नव्हता. माझी पुढची इंजेक्शनं रद्द झाली.

चावा लपवू नका, हे मी आजही म्हणेन. उद्या बाजारात उभं केलं तर ओरडून म्हणेन. पण त्या ओळीखाली जागा असती तर आणखी काय लिहायचं, ते मला सुचत नाही. मी प्रयत्न केला आहे. बाबांनाही फोनवर विचारलं. ते म्हणाले, हात बरा आहे ना आता.

राख पुढच्या आठवड्यात आली. लाकडाची छोटी पेटी, वर त्याचं नाव कोरलेलं, बरोबर मातीच्या चकतीवर उमटवलेला पंजाचा ठसा. आणि एका पिशवीत चार बूट. जमीन गोठलेली होती, लायलॅकखाली खणता येणार नव्हतं, म्हणून काकूंनी पेटी बर्फ वितळेपर्यंत खिडकीत ठेवायचं ठरवलं. ठेवण्याआधी त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, किंचित वरखाली केली, बाजारात भाजीचा अंदाज घेतात तशी.

“हलका वाटतोय,” त्या म्हणाल्या.

मी चौथा बूट हातात घेऊन उभी होते. काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “राख हलकीच असते.”